मागची रांग आणि अकरा काचा

दादा, स्टुडिओच्या मागच्या खोलीत आपण दोघे जमिनीवर बसून काचेच्या निगेटिव्ह वर्तमानपत्रात गुंडाळत असू. तू कागद फाडायचास, मी गुंडाळायचे, आणि मधेच तू फाटक्या कागदावरचे शब्दकोडे सोडवत बसायचास. बाबा आतून ओरडायचे, "अरे, हात चालव, डोकं नको!" हे मृत्युपत्र मी त्या खोलीपासून सुरू करते, कारण माझ्याजवळ देण्यासारखे जे आहे ते तिथलेच आहे.

मी, फोटोवाल्यांची धाकटी मुलगी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, निगेटिव्हवर रंगकाम करून पोट भरलेली, असे लिहून ठेवते की गुडघे सोडले तर माझी प्रकृती बरी आहे आणि डोके ठिकाणावर आहे. दादाला शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिही म्हणून मला कोणी सांगितले नाही. लिहू नकोस असे मात्र दोघांनी सांगितले. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातला नळ अर्धाच फिरवावा, पूर्ण फिरवला तर हातात येतो.

२. बाबांचा मोठा कॅमेरा, त्याच्या तीन पायांच्या स्टँडसह, दादाला. दादा, तू त्याचा दिवाणखान्यातला दिवा करणार हे मी ओळखून आहे. करू नकोस.

३. आता काचांविषयी. हे कलम लांब आहे, पण कोणी गाळू नये.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दोन प्रकारच्या मुली होत्या: आम्ही फी भरणाऱ्या, आणि 'इस्त्रीच्या'. इस्त्रीच्या मुलींना आईवडील नव्हते. सकाळी त्या आमचे गणवेश धुऊन इस्त्री करायच्या आणि दुपारी आमच्याच वर्गात मागच्या बाकांवर बसायच्या. दर वर्षी बाबा शाळेत शेवटच्या वर्गाचा फोटो काढत, तेव्हा त्याही मागच्या रांगेत, पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहत. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत चिठ्ठी यायची: 'मागची रांग नको.' पालकांना ती खटकत असे. निगेटिव्हवर लाल रंग लावला की छापताना तिथून उजेड जात नाही आणि कोरी भिंत उमटते. अशा अकरा वर्षांच्या अकरा काचा माझ्या कपाटात आहेत. पहिल्या सहा बाबांनी रंगवल्या. त्यांचा हात कापू लागल्यावर पुढच्या पाच मी रंगवल्या. मला कोणी जबरदस्ती केली नाही. माझ्या कामाची शाबासकी मिळायची, आणि ती मला आवडायची.

मी रंगवलेली पहिली काच माझ्याच वर्गाची. मी सोळा वर्षांची होते. माझ्या मागे माझी मैत्रीण उभी होती. ती एका जागी ठरत नसे म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणत असू. तिला मी एका दुपारी रंगवून टाकले. तिचा हात मात्र माझ्या खांद्यावर तसाच राहिला. मुद्दाम ठेवला असे लिहायला मला आवडले असते. खरे असे की निगेटिव्हमध्ये पांढरे ते काळे दिसते, आणि तिची बोटे मला माझ्या कॉलरची घडी वाटली. शाळेच्या जिन्यात तो फोटो बावन्न वर्षे टांगलेला आहे. भिंगरीने पाहिला तेव्हा ती म्हणाली, "अगं, माझा हात तरी पास झाला!" आणि हसली. मी माफी मागितली नाही. नंतर ती नोकरीला लांब गेली. ती वारल्याचे मला नऊ वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या पत्रातून कळले.

त्या चिठ्ठ्यांतले वळणदार अक्षर मला लिहायला शिकवणाऱ्या सिस्टरांचे होते. मला गोवर आला तेव्हा माझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवणाऱ्या सिस्टरही त्याच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही लिहून राहाव्यात.

४. शाळेला यंदा शंभर वर्षे होत आहेत. जुन्या फोटोंचे दालन करायचे म्हणून हल्लीच्या मुख्याध्यापिका सिस्टर काचा मागायला आल्या. मी सगळे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, शंभर वर्षांत चांगलंही खूप झालं ना? आनंदाच्या दिवसात हे कशाला?"

"चांगलं झालंच, सिस्टर. मला लिहायला इथेच आलं. म्हणून तर लिहितेय."

दादा तिथेच होता. तो म्हणाला, "बाबांचं नाव घालवणार तू."

"बाबांचं नाव काचांच्या कोपऱ्यात आहेच, दादा. माझं नाहीये. ते आता घालते."

सबब, दहा काचा शाळेला द्याव्यात, पण या अटीवर: आधी रंगासकट छापाव्यात, मग ओल्या कापसाने रंग काढून पुन्हा छापाव्यात, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावावेत. खाली रंगवणाऱ्याचे नाव लिहावे, सहांवर बाबांचे, चारांवर माझे. इस्त्रीच्या मुलींची मला आठवलेली त्रेचाळीस नावे निळ्या वहीत आहेत, तीही लावावीत. शाळेने तीन महिन्यांत लेखी होकार दिला नाही, किंवा एक जरी फोटो वगळला, तर दहाही काचा आणि वही सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावी, म्हणजे कोणालाही पाहता येतील. भाचीने इथे कोणाची भीड धरू नये. आत्याकडे बोट दाखवावे.

५. अकरावी काच, भिंगरीची, तिच्या मुलीला. ती दवाखान्यात नर्स आहे, पत्ता वहीत आहे. ही काच मी धुतलेली नाही. तो हक्क माझा नाही. सोबत कापूस आणि शुद्ध पाण्याची बाटली द्यावी. बाळ, रंग पाण्याचा आहे, सुटतो. कडेपासून सुरुवात कर, घासू नकोस. धुवायची नसेल तर धुऊ नकोस. फोडावीशी वाटली तर फोड. काचेबरोबर माझे पत्र आहे, ते वाचायची सक्ती नाही. शाळा, दादा, भाची, कोणीही ही काच तिच्याकडे परत मागू नये.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले, चष्मा दोनदा पुसला, शब्द एकही बदलला नाही आणि सही केली.

सही: फोटोवाल्यांची धाकटी

साक्षीदार:
१. समोरच्या दुकानातले घड्याळदुरुस्तीवाले (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर (सही)

स्थळ: माझे राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: चौदा नोव्हेंबर, सकाळी अकरा