माझ्या बुरशीचा खून

३ नोव्हेंबर, सोमवार. नांदेड
आजपासून संताप बंद.
सतरा तारखेला समितीपुढे प्रेझेंटेशन. दाखवायला काही नसलं तर पीएचडी रद्द. काळजी नाही. इस्लापूरच्या जंगलातून आणलेली माझी बुरशी सागवान फाडून खाते! मूळ जीन एकच. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होत गेल्या आणि मोठी भावकी झाली. आता प्रत्येक भावाचं एन्झाइम लाकडावर वेगळ्या जागी घाव घालतं. कुठला भाऊ कधी उठतो, एवढंच शोधायचंय. आमच्या भावकीत सगळे एकदम उठतात.

९ नोव्हेंबर, रविवार. औसा
घरच्या शेतात हरभऱ्याची पेरणी. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला. ही हिरवी बुरशी रोगाच्या बुरशीला जिवंत खाते. शर्ट, केस, नखं, सगळीकडे पावडर. दादा म्हणाले, आंघोळ करून जा. बस चुकली असती.

१० नोव्हेंबर, सोमवार
बसमधून थेट लॅब. माझी बुरशी सगळी नव्या काचेच्या प्लेटांत वाढायला लावली, जुन्या प्लेटा फेकून दिल्या. हात काय सफाईनं चालला!

१३ नोव्हेंबर
खून! प्रत्येक प्लेट हिरवी. मायक्रोस्कोपखाली बघवेना. हिरवीनं माझ्या बुरशीला विळखे घातलेत, पेशींच्या भिंती फोडून आतलं खाऊन राहिली आहे. हे शेजारच्या टेबलावरच्या शिवप्रसादचंच काम. जळतो मेला.

१४ नोव्हेंबर
शिवप्रसाद आला, म्हणाला, तुझ्यासाठी लई महत्त्वाचं हाय. लॅबकोटाच्या खिशात हात घातला. चाकूच असणार! मी आधीच हाणलं. नाक फुटलं. पडल्यावर लाथही घातली, खिशात काहीतरी काचेचं फुटलं. हा संताप नव्हे, स्वसंरक्षण.
तो कोट टाकून दवाखान्यात गेल्यावर रक्तानं भरलेला तो कोट काचांसकट जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये कोंबला, मग घासून धुतला. पुरावा नको. त्या वाफेत काही जिवंत राहत नाही.
आमच्या गाईड मॅडमना त्यानं पाय घसरला म्हणून सांगितलं म्हणे. घाबरला!

१७ नोव्हेंबर
समितीपुढे मॅडमनी एक प्लेट बघितली आणि विचारलं, हरभरा पेरून आलास का? ट्रायकोडर्मा आहे हा. शर्ट पेरणीचाच होता, कॉलरवर अजून हिरवं होतं.
मूळ बुरशी जिवंत असेल तर तीन महिने देऊ, नसेल तर नोंदणी रद्द, असं समितीनं सांगितलं.
बाहेर शिवप्रसाद उभा होता, नाकाला पट्टी. म्हणाला, तुझ्या बुरशीची एक नळी मी आधीच जपून ठेवली होती, त्या दिवशी तीच द्यायला आलो. फुटली तरी हरकत न्हाई, कोटाला लागली असंल, त्यातून वाढवू. कोट कुठं हाय?
मी म्हणालो, बघितला नाही.
कोट माझ्या खुंटीला आहे. फार स्वच्छ निघालाय.