पंधरा दिवसांची गोष्ट

अण्णा, काल मी पाच किलोमीटर पळालो. वेळेत पळालो, फौजेची चाचणी पास झालो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "त्यात काय एवढं?" म्हणूनच तुम्हाला लिहायला बसलोय. अकरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी हे ऐकवायचं म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांसमोर येत नाही.

बारा वर्षांपूर्वी ट्रकमधून रेशन उतरवताना मी पडलो, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं आणि ऑपरेशननंतर मला पुण्याच्या लष्करी दवाखान्यात ठेवलं होतं. तुम्ही भोसरीहून पहिली शिफ्ट संपवून, कंपनीच्या कपड्यांतच आलात. आईने दिलेला डबा उशाशी ठेवलात आणि कसं वाटतंय हे विचारायच्या आधी उजवा हात माझ्यासमोर धरलात. प्रेस मशिनने दोन बोटं नेलेला तो हात मी लहानपणापासून बघत आलो होतो, त्याची गोष्टही पाठ होती. तरी तुम्ही ती पुन्हा सांगितलीत, सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात. "बोटं गेली तवा पंधराव्या दिवशी मशिनवर उभा होतो मी. तू फौजी ना? एका गुडघ्यासाठी किती दिवस लोळणार हाय?" शेजारच्या खाटेवरचा जवान हसला. मीही हसलो.

डॉक्टरांनी सहा महिने पळायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी तिसऱ्या महिन्यात पळालो. सुट्टीवर दिघीला घरी आलेलो, तुम्ही ओट्यावर पेपर वाचताय, आणि मी मुद्दाम तुमच्यासमोर बूट घालून निघतो. चढावर गुडघा असा सटकला की रस्त्यातच बसलो. दुसरं ऑपरेशन झालं. ते बघायला तुम्ही आला नाहीत, आणि वर्षभरात छातीत कळ येऊन गेलात. मला रेशन स्टोअरला टाकलं. दिवसभर खुर्ची, समोर पोती, हाताशी पुऱ्या आणि गोड चहा. अडुसष्ट किलोंचा मी त्र्याण्णववर गेलो. परेडला मागच्या रांगेत. नवी पोरं मला गोदाम म्हणायची. वाकून बुटाची लेस बांधता येईना, पाय स्टुलावर ठेवावा लागायचा.

गेल्या वर्षी बदली होऊन दिघीलाच आलो. साहेबांनी बोलावून सांगितलं, वजन उतरव, चाचणी दे, नाहीतर प्रमोशन विसर आणि घरी जायची तयारी कर. फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी पाय वाकवून म्हणाल्या, "दुखतंय?" मी म्हणालो, "नाही मॅडम." कपाळावरून घाम ओघळत होता. "हवालदारसाहेब, तुम्ही खोटं बोललात तर मी चुकीचा व्यायाम देईन." दुखतंय, हा एक शब्द तोंडातून काढायला मला तीन आठवडे लागले, अण्णा. त्यानंतरच पाय सुधारायला लागला. आधी नुसतं चालणं, मग पोहणं, मग विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळणं. बायकोने ताटातला भात निम्मा केला आणि माझी चिडचिड वर्षभर सोसली.

त्याच दिवसांत गाडीची क्लच वायर तुटली म्हणून तळवड्याला चाचांच्या गॅरेजवर गेलो. तुमचे हे जुने दोस्त आता स्वतः काम करत नाहीत, नुसते खुर्ची टाकून बसतात. उतरलेलं पोट बघून खूश झाले. मी म्हणालो, "आमच्या अण्णांसारखं पंधरा दिवसांत नाही जमलं, चाचा. वर्ष होत आलं."

चाचा खुर्चीत पुढे सरकले. "पंधरा दिवस? कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच."

"अरे, साडेतीन महिने कामावर गेला नव्हता तुझा बाप. रोज इथं मागच्या खोलीत येऊन पडायचा. बाहेर ग्राइंडर सुरू केला तरी थरथरायचा. लहान पोरासारखा रडायचा रे. तुम्हाला मामाच्या गावाला पाठवलं होतं ना तेव्हा? तुमच्यासमोर रडायचं नव्हतं त्याला."

मामाचं गाव मला आठवतंय. मी तिथे विहिरीत पोहायला शिकलो. शाळा बुडतेय म्हणून खुशीत होतो.

तुम्ही घाबरलात याचा मला राग नाही. पण त्या वॉर्डात, माझ्या खाटेवर बसून, "मीबी लई घाबरलो होतो" एवढं म्हणाला असता तर मी सहा महिने गप घरी बसलो असतो. माझा गुडघा दुसऱ्यांदा गेला तो तुमच्या खोट्यापायी. आईलाही माहीत होतं. विचारलं तर म्हणाली, "गेलेल्या माणसाचं काय उकरून काढतोस?" मग कुणाचं काढू? तुम्ही जिवंत असताना मला काही कळूच दिलं नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. ती बायकोलाही सांगितलेली नाही आणि मॅडमनाही नाही. काल चाचणी झाल्यावर सगळे पाठ थोपटून गेले, आणि मी स्टोअरच्या मागे जाऊन रडलो. पण त्याआधी दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं, कोणी येत तर नाही ना.