सव्वा मूठ गहू

देवपूर, धुळे
७ ऑगस्ट २०२५

चि. ललित यास आबांचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? तिकडे ऑगस्टमध्येही गार असतं म्हणालास, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. रात्री कान बांधून झोपत जा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर बोलताना तुझी आई शेजारी बसलेली असते. ज्योती राखीसाठी पिंप्राळ्याहून आली आहे, ती या कागदाचे फोटो काढून तुला पाठवेल. तुझ्या बहिणीला मी वाचू नको म्हटलंय, तरी ती वाचेलच.

पांझरेला पाणी आलं आहे. गॅसची नळी बदलून घेतली, शेगडी आता मीच बंद करतो. रविवारी घरात कानबाई देवी बसली. निंबाकाका, सुमनकाकू, त्यांचा अमृत, सगळे आले होते. तुझी आई नवं लुगडं नेसली होती.

दर फोनला मी ती मंदिरात गेलीय म्हणायचो, म्हणून मागे तू हसून म्हणालास, "आबा, आई हल्ली मंदिरातच राहायला गेली का?" मीही हसलो. ती मंदिरात नव्हती रे. मोबाइलकडे पाठ करून बसली होती. तुझा चेहरा दिसला की मला विचारते, "हाऊ कोन मानूस शे? मना घरमा काय दखी ऱ्हायना?"

हे मी दिवाळीपासून लपवतोय. डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या चालू आहेत. हे वाढतच जाईल, असं ते म्हणाले.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटचे गहू काढताना ती कशी बसायची ते तुला आठवत असेल. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायची आणि सव्वा मूठ सुपात टाकायची. या वर्षी माझी टाकली, निंबाची टाकली, अमृतची टाकली आणि हात झटकले. सुमनकाकू म्हणाली, "वहिनी, ललितनी ऱ्हायनी."

"कोन ललित?"

आपल्याकडे मूठ कोणाची टाकत नाहीत, ते तुला माहीत आहे. गेलेल्या माणसाची. मी ओरडलो, "टाक! टाक म्हनस ना!" कानबाईच्या समोर मी तिच्यावर ओरडलो. तिने घाबरून मूठ टाकली, पण नाव घेतलं नाही.

दळून आणल्यावर मात्र तिने त्यातलं थोडं पीठ वाटीने काढून डब्यात ठेवलं. सुमनकाकू म्हणाली, मळून टाकू. हिने डबा छातीशी धरला. "हाई ऱ्हाऊ द्या. हाई कोनं तरी शे."

"कोनं शे?" मी विचारलं.

"माले माहीत नही. पन ज्यानं शे तो येई ना! त्याले काय देशात?"

तेव्हापासून डबा तिच्या उशाशी आहे. मी हात लावला तर हातावर मारते. ज्योतीला द्यावं तर ती आता दुसऱ्या घरची, तिला आपला रोट चालत नाही. दार वाजलं की ही उठून बघते. काल दूधवाला होता. त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हाऊ नही."

ललित, तिला तुझं नाव आठवत नाही, पण कोणीतरी यायचं आहे हे आठवतं. तेही किती दिवस आठवेल, सांगता येत नाही.

कॅनडाचे कायमचे कागद हातात आल्याशिवाय हलू नको, असं मीच तुला बजावत आलो. निकालाआधी देश सोडला तर परत शिरता येईल याची खात्री नाही, हे तुझ्या वकिलाचं म्हणणं मला पाठ आहे. तुझी तिथली सगळी वर्षं वाया जातील, तेही समजतं. तू आलास आणि तिने तुलाही "हाऊ नही" म्हटलं तर मी काय करू, या भीतीने मला झोप येत नाही. तरी ये. माझं आधीचं बोलणं मी मागे घेतो.

परवा पौर्णिमा. तिच्या आत रोट संपवायचा असतो, नंतर तो घरात ठेवत नाहीत. एवढ्या वर्षांत आपल्या घरात हे कधी चुकलं नाही. निंबा म्हणतो, पीठ नदीत सोड, कानबाई कोपेल.

मी सोडणार नाही. कोपली तर माझ्यावर कोपेल.

डब्यात किडे होऊ नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला टाकला आहे.

तुझी वाट बघणारे,
आबा आणि तुझी आई