खाली घ्यायची वेळ

आई, मघापासून मधपेटीपुढं बसलोय. तू गेल्यावर पेट्या मीच सांभाळल्या, त्यातली सातेरी माश्यांची ही एक अजून पडवीत आहे. आत्ताच एका माशीनं मेलेली माशी दारातून ओढत आणली, पायांत धरून उडाली आणि बांधापल्याड टाकून आली. तू म्हणायचीस, "त्यांच्या घरात मढं राहत न्हाई बघ." आत मिट्ट काळोख, मग कळतं कसं, असं विचारलं की म्हणायचीस, "नाक हाय की त्यांला." नाक नसतं गं, त्या मिशांनी हुंगतात. तुझं चुकलं ते एवढंच. बाकीचं मी इकडून तिकडून वाचून जमवलं. जिवंत माशीच्या अंगावरच्या मेणकट थरातून एक वास सारखा उडत असतो. जीव गेला, अंग गार पडलं, की तो उडायचा थांबतो आणि घरच्यांना तेवढ्यावरच उमगतं. पुढं त्या अंगाला खवट तेलासारखा वास सुटतो, मग तर शंकाच राहत नाही.

पण परवा जिला ओढून आणली तिचे पाय हलत होते. पेटीच्या दारापुढच्या फळीवर उताणी पडून पाय झाडत होती, नि दुसरी तिला सोडेना. तेव्हापासून तू डोळ्यांपुढून हलत नाहीस.

ते भातलावणीचे दिवस. तुला खाटेवर घरघर लागलीय. चुलती तुझ्या तळपायाला हात लावते नि म्हणते, "गार पडली बाई. खाली घ्या, न्हाईतर जीव खाटंत अडकंल." भुई सारवली, घोंगडी टाकली, तुला उचलून खाली ठेवलं, तोंडात तुळशीचं पाणी घातलं. बायांनी गळा काढला. आणि तू डोळे उघडून म्हणालीस, "कोन मेलंय गं?" चुलतीच्या हातातला तांब्याच पडला. "च्या ठेवा," म्हणालीस, "लई थंडी वाजती."

हसावं की रडावं कळेना. पण एकदा खाली घेतलेलं माणूस परत वर चढवायचं नसतं, असं चुलतीनं ठरवलं आणि घरानं ऐकलं. खाट माळ्यावर गेली. तू भात काढून होईस्तोवर जगलीस, पण भुईवरच. येणारेजाणारे तुझ्या अंगावरून आपापसात बोलायचे, जसं काही तिथं नुसती घोंगडीच पडलीय. एकदा मी विचारलं, "आई, आमटीला मीठ बरोबर हाय का?" तर तू म्हणालीस, "मला कशाला इचारतो? मी मेलीया. चुलतीला इचार." सगळे हसले. तू नाही हसलीस.

आज तुझी सून खाटेवर आहे. नारायणगावच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घोटभर पाणी घेते, हाक मारली की बोटं हलवते. तिचा भाऊ घोडेगावाहून पहिल्या एसटीनं आला, तिच्या तळपायाला हात लावला नि बाहेर येऊन म्हणाला, "दाजी, तळवं बर्फ झाल्यात. खाली घ्या आता."

"अजून हाय ती," मी म्हणालो.

"आमी कुठं न्हाई म्हनतो? पन खाटंवर गेली तर? माझ्या बहिणीचा जीव अडकून राहायचा, दाजी."

त्याचंही चूक नाही. बहिणीच्या मायेनंच बोलतो बिचारा. मी तिचे तळवे तेलानं चोळत बसतो. जरा ऊब आली की त्याला हाक मारून दाखवतो, बघ, कुठं गार आहेत? थोड्या वेळानं ते परत गार पडतात.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून तर लिहितोय. मघाशी तो म्हणाला, "तिलाच इचारा की. सूद हाय तिला, मान हालवून सांगंल." मी उठून इथं पेटीपाशी आलो. विचारलं नाही. ती नको म्हणाली असती तर तुझी शपथ, सगळ्या गावाला अंगावर घेतलं असतं. पण आई, ती हो म्हणेल, असं वाटतंय मला.