आत्याबाईंचं लोणी आणि गॅसच्या नळाचा सांधा

वडीलधाऱ्या उल्याना आत्याबाईंना फेवरोन्याचा वाकून नमस्कार.

तुम्ही ट्रकवाल्याबरोबर पाठवलेलं सामान पोचलं: गोठलेले मासे सात, आंबट लाल फळांची बादली एक, लोकरी मोजे एक जोड. ट्रकवाल्याने तीनशे रूबल घेतले, शिवाय चहा आणि अर्धा पाव (तो खर्चात धरला नाही, पाहुणा आला होता असं मानलं). तुमचे गुडघे कसे आहेत? मी तसबिरीपुढे मेणबत्ती लावते तेव्हा आधी तुमच्या गुडघ्यांसाठी मागणं मागते, मग ह्यांच्या नोकरीसाठी. या आठवड्यात क्रम उलटा करावा लागला, राग नसावा.

तुम्ही इथे होता तेव्हा पाहिलंतच, ह्यांची टोळी आपल्या फाटकासमोर गॅसचा नळ पुरते आहे. दोन नळ जोडले की सांधा उघडा राहतो. तो घासून लख्ख करायचा, ज्योतीने तापवायचा आणि वर काळी पट्टी गुंडाळायची. थंडीत ती पट्टी बिस्किटासारखी तुटते, म्हणून तिची वेटोळी रात्रभर आपल्या चुलीजवळ झोपतात (मांजर अजून माझ्याशी बोलत नाही). पट्टी नीट बसली नाही, तर उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी आत शिरतं, नळ गंजतो, आणि ऐन जानेवारीत गावातल्या चुली विझतात. म्हणून मुकादम सामसोनोव मधूनच एखाद्या सांध्याची पट्टी सुरीने कापून ओढून पाहतो.

तुम्ही परत गेलात त्या दुपारी त्याने आपल्या फाटकासमोरची पट्टी ओढली, तर ती केळीच्या सालीसारखी सगळी हातात आली. म्हणाला, "प्रोकोपी, बावीस वर्षं हेच करतोस ना? डोळे गेले की लक्ष गेलं?" आणि ह्यांना घरी बसवलं. त्यानंतर हे जेवेनात. खिडकीशी बसून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायचे. म्हणायचे, "फेवरोन्या, हाताला कळेनासं झालंय." मला बघवेना.

टोळीतले लोक सांगतात, त्या दिवशी सांधा तापवताना सगळ्यांना धिरड्यांचा वास आला, आणि भूक लागली असेल म्हणून सगळ्यांनी काम भराभर उरकलं. मी बाहेर जाऊन पाहिलं. चरात, सांध्याखाली, आपला निळ्या फुलांचा लोण्याचा वाडगा रिकामा, पालथा पडला होता.

आत्याबाई, खणण्याआधी जमिनीला लोणी-धिरडं द्यावं हे मला का ठाऊक नाही? आपल्या वाडवडिलांनी दिलं, मीही देते. तुम्ही उणे चाळीसमध्ये, त्या गुडघ्यांनी, लोणी कोटाच्या आत छातीशी धरून मऊ केलंत आणि चहाच्या सुट्टीत चरात उतरलात, ते तुमच्या भाच्याचं भलं व्हावं म्हणूनच. पण घास जमिनीला द्यायचा असतो. नळाचं तोंड कशाला माखलंत?

तुमची सून,
फेवरोन्या

ता. क. सांगायचं राहिलं. सामसोनोवला मी सांगून आले की लोणी मी लावलं. तुमचं नाव घेतलं नाही. म्हातारपणी गावभर हसं नको. तो म्हणाला, "वहिनी, जमिनीला जेवायला घाला, माझ्या नळाला उपाशी राहू द्या." सोमवारपासून ह्यांना कामावर बोलावलं आहे. काल ह्यांनी तुमचे दोन मासे एकट्याने खाल्ले. माझ्याशी मात्र बोलत नाहीत (आता मांजर धरून दोघे झाले). तेव्हा तुम्ही काही कबूल करायला नको.

आणखी ता. क. फक्त एक हिशेब जुळत नाही. वाडग्यात पाऊण किलो लोणी होतं. एका सांध्याला कितीही सढळ हाताने माखलं तरी चार चमचे पुरतात. दुकानापर्यंत चर उघडा आहे, त्यात अकरा सांधे आहेत, आणि सोमवारी दुपारी माती लोटणार. गुडघ्यांचं पुढच्या पत्रात कळवा. आधी ट्रकवाल्याबरोबर सोमवारच्या आत एवढंच लिहून पाठवा: तुम्ही कुठवर गेला होतात?