झोपेचं गाऱ्हाणं

॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)
१९ ऑक्टोबर १९८६

ती. दादास,

मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण खुशाल कोणी नाही. रात्र-रात्र झोप नसलेली माणसं खुशाल कशी असतील?

आमच्या चाळीमागचा पेरेरांचा बंगला तुला आठवत असेल. मागे आला होतास तेव्हा त्यांच्या म्हातारीने तुला बिंबलांचं लोणचं दिलं होतं. ती मंडळी कॅनडाला गेली आणि बंगला कोणा चंद्रप्रकाश शेठने घेतला. तो स्वतः तिथे राहत नाही, पार्ट्यांना भाड्याने देतो. वाढदिवस, साखरपुडे, कंपनीवाल्यांची जेवणं, आणि काहीच निमित्त नसेल तर नुसतीच पार्टी. आधी शनिवारी असायची, आता वार उरला नाही. डिस्को लागला की माझ्या मांडणीवरची भांडी थरथरायला लागतात. गेटवर पाटी लावतात, प्रायव्हेट पार्टी. प्रायव्हेट म्हणे! अख्ख्या वाकोल्याला ऐकू जाते ती प्रायव्हेट कशी, ते मला त्या शेठने एकदा समजावून सांगावं.

माझं सोड, मी दुपारी तास-दोन तास पडते. पण यांची फर्स्ट शिफ्ट. पहाटेची पहिली बस यांच्या हातात असते, म्हणजे दिवेलागणीला जेवून आडवं व्हायला हवं. आडवे होतात, कानावर उशी दाबून घेतात आणि छताकडे बघत राहतात. तोंडाने एक शब्द बोलत नाहीत, तुला स्वभाव ठाऊक आहे. परवा जेवताना घास हातात असतानाच डोळा लागला. दादा, बसमध्ये माणसं असतात रे. मला या एकाच गोष्टीची भीती वाटते, दुसरी कसली नाही.

तर मागणं असं आहे. जत्रेत देवीपुढे उभा राहून गाऱ्हाणं तू घालतोस, आणि सगळा गाव मागून व्हय म्हाराजा म्हणतो. यंदा एक गाऱ्हाणं आमच्या झोपेचं घाल. हसू नकोस.

शेवंतीवहिनीला नमस्कार. बहिणीवरची माया कमी करू नकोस, बाकी काही कमी झालं तरी चालेल.

तुझी,
मालन


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

वडाचीवाडी, ता. कणकवली
२९ ऑक्टोबर १९८६

सौ. मालन हिस,

दत्तारामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. हसू नकोस लिहिलंस म्हणून जास्तच हसलो. मालनला आवाजाचा त्रास होतो हे ऐकून शेवंतीलाही हसू आवरेना. लहानपणी तू या डोंगरावरून हाक मारलीस की पलीकडच्या वाडीतली गुरंसुद्धा घरी परतायची. बाबा म्हणायचे, हिला शाळेत घालू नका, घंटेचं काम जाईल.

मस्करी पुरे. कुंडलिकरावांच्या जागरणाचं वाचून काळजी वाटली. पण अगं, देवीकडे जायच्या आधी माणसांकडे जावं. चौकीवर जा, अर्ज दे. त्या शेठला भेट, तोही कोणाचा तरी मुलगा असेल. आणि आपला नंदू घाटकोपरला असताना तू मला काय लिहितेस? आत्येसाठी धावत येईल तो. बऱ्याच दिवसांत तुझ्याकडे आला नसेल, तर ते त्याच्या कामामुळे असणार. मंडपांना रोषणाई करायचं काम घेतो, आता हाताखाली माणसं आहेत. गणपतीला आला तेव्हा देवळाला भोंगा आणि मशीन देऊन गेला. मी नुसता खाकरलो तरी नदीपार ऐकू जातं. लोक विचारतात, कोणी दिला, आणि मी मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावतो.

माणसांनी ऐकलं नाही तर कळव. मग बघतो.

कुंडलिकरावांना नमस्कार, मुलांना गोड पापा. आमची आठवण रागात का होईना, काढत जा.

तुझा,
दादा


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

वाकोला
२३ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,

मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

माणसांकडे जा म्हणालास, गेले. चौकीवरचा हवालदार म्हणाला, बाई, लोकांनी मजा करायची नाही का? शेजारची शकु माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, करा की, पण आमच्या उशाशी का? त्यावर त्याने अर्ज घेतला आणि त्याच अर्जावर चहाचा ग्लास ठेवला. त्या संध्याकाळी तोच बंगल्याच्या गेटवर उभा राहून आइस्क्रीम खात होता.

मग शेठला भेटले. गोड बोलला. म्हणाला, आपको तकलीफ होती है तो हम खाना भिजवा देंगे. आणि खरंच, पार्टीत उरलेल्या पुलावाचं पातेलं चाळीत पाठवलं! दादा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते पातेलं मी जसंच्या तसं त्याच्या गेटवर नेऊन ठेवलं. भिकारी समजतो काय आम्हाला? आम्ही जेवण मागितलं होतं का, झोप मागितली होती.

आता जे लिहायचं ते लिहायला हात धजत नाही. मागच्या सोमवारी पहाटे यांचा गाडीवर डोळा लागला. पापणी मिटली म्हणतात, तेवढीच. बस फुटपाथवर चढली आणि रसवाल्याच्या गाड्यावर जाऊन आदळली. रसवाला अजून यायचा होता, म्हणून वाचला. बसमधले लोक एकमेकांवर पडले, एका बाईचा दात तुटला. हे घरी आले ते शर्टाची बटणं न काढता भिंतीला टेकून बसले, आणि म्हणाले, तिथे रोज एक पोरगी शाळेच्या गाडीची वाट बघत उभी असते. सोमवारी ती का नव्हती, ते आम्हाला अजून माहीत नाही.

यांना कामावरून घरी बसवलंय. जानेवारीत चौकशी आहे. डेपोतला साहेब म्हणतो, ड्रायव्हर दारू प्यायला असणार. ज्या माणसाने जन्मात सोडा प्यायला नाही त्याला दारुडा म्हणतात. झोप नव्हती म्हणून सांगितलं तर म्हणतो, पुरावा आण. गोंगाटाचा पुरावा मी पिशवीत घालून कसा नेऊ? चाळीतली माणसं सांगतील म्हटलं, तर म्हणतो, ती तुमचीच माणसं.

नंदूला दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. रोषणाईतून वेळ मिळत नसेल.

आता घाल गाऱ्हाणं. साधंसुधं नको, जळजळीत घाल. ज्याने आमची झोप नेली त्याला कळलं पाहिजे. माझ्या रागाला तू तरी नावं ठेवू नकोस, एवढी कृपा असू दे.

मालन


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

वडाचीवाडी
९ डिसेंबर १९८६

सौ. मालन हिस,

दत्तारामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल जत्रा झाली. तुझं पत्र खिशात घेऊनच देवीपुढे उभा राहिलो. पाऊसपाणी, गुरंढोरं, चाकरमानी, सगळ्यांचं मागून झाल्यावर तुझं मागितलं. आयुष्यात इतकं कडक गाऱ्हाणं मी घातलेलं नाही. देवीला सांगितलं, माझ्या भैणीच्या घरची झोप ज्याने पळवली, तो कोण, कुठचा, मला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. त्याच्या डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. गादीवर पडला तर गादी टोचू दे. आणि जोपर्यंत तो चार माणसांत उभा राहून, मी केलं, असं आपल्या तोंडाने सांगत नाही, तोपर्यंत त्याची सुटका करू नकोस.

व्हय म्हाराजा असा आवाज उठला की झाडावरचे कावळे उडाले. नंदूच्या भोंग्यावरून पंचक्रोशीला ऐकू गेलं. असं कारण पडेल हे त्या पोराच्या ध्यानीमनी नसेल, पण त्याची भेट कामी आली. शेवंती तर पदराने डोळे पुसत होती.

आता देवी बघून घेईल. कुंडलिकरावांना म्हणावं, गाव तुमच्या पाठीशी आहे. चौकशीचं कळवत राहा. या म्हाताऱ्याला विसरू नका, म्हणजे झालं.

तुझा,
दादा


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

वाकोला
१९ डिसेंबर १९८६

ती. दादास,

मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र वहिनीला वाचून दाखवायच्या आधी तू एकट्याने वाच.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी ते चाळीच्या गॅलरीत उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. शकुने साखर वाटली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी जेवण नीट जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावरून दूध घेऊन येत होते. बंगल्याच्या गेटमध्ये टेम्पो उभा होता आणि माणसं स्पीकरचे खोके उतरवत होती. एकेक खोका कपाटाएवढा. खोक्यावर लाल रंगात लिहिलं होतं, श्री देवी सातेरी प्रसन्न. मला आधी वाटलं, आपल्या गावचं कोणी आहे, आता यालाच सांगू. पुढे झाले, तर खांद्यावर वायरची गुंडाळी घेऊन नंदू उभा.

दादा, रोषणाई नाही. तुझा मुलगा साऊंड लावतो. गेलं वर्षभर त्या बंगल्यात तोच लावतोय.

आधी मी त्याच्या मुस्काटात मारली, दुधाची पिशवी हातात होती ती फुटली. मग विचारलं, तुला ठाऊक होतं ना रे, इथे मागे कोण राहतं? खाली मान घालून म्हणाला, आत्ये, ठाऊक होता. म्हणून तर तुझ्याकडे येय नव्हतंय. त्याची मखलाशी ऐक. म्हणे, खोक्यांची तोंडं मी तुमच्या चाळीकडून वळवून नाल्याकडे केली होती. म्हणे, आवाज कमी केला तर शेठ दुसऱ्याला बोलावतो. मी म्हटलं, तुझ्या काकांची बस फुटपाथवर चढली ती कोणाकडे तोंड करून? ते त्याला ठाऊकच नव्हतं. माझी कार्डं त्याने भीतीने वाचलीच नव्हती.

मग मी घरी जाऊन तुझं पत्र आणलं आणि त्याच्या हातात दिलं. वाचता वाचता तो त्या खोक्यावरच बसला. म्हणाला, बाबांनी माका? मी म्हटलं, हो, तुला, तुझ्याच भोंग्यावरून. तेव्हापासून तो रोज सकाळी येतो आणि दारात बसतो. डोळे लाल झालेत. झोप येत नाही म्हणतो. बाबांना मागे घ्यायला सांग म्हणतो.

माझा राग तसूभरही गेलेला नाही, उलट वाढलाय. परक्याचा राग करणं सोपं असतं रे. पण पोर आपलं आहे आणि त्याचं तोंड बघवत नाही. मी काहीच मागत नाही. तू बाप आहेस, तू काय ते ठरव. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पत्र मात्र लिही.

मालन


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

वडाचीवाडी
२८ डिसेंबर १९८६

सौ. मालन हिस,

आशीर्वाद.

शेवंतीला सांगितलं. तिने अन्न सोडलंय. म्हणते, देवीच्या पाया पडा आणि गाऱ्हाणं मागे घ्या. घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं, नारळ ठेवून माफी मागायची असते. मी ते करणार नाही.

मला राग कशाचा आला ते सांगतो. त्याने साऊंड लावला याचा नाही, पोटासाठी माणूस काहीही करतो. पण आत्येचं घर मागे आहे हे ठाऊक असून त्याने खोका नाल्याकडे वळवला आणि स्वतःला शहाणा समजला! आणि त्याच पैशाचा भोंगा देवीच्या गळ्यात बांधून मला गावभर मिरवायला लावलं. मी खुळ्यासारखा मिरवलो. शरमेने घराबाहेर पडवत नाही.

भोंगा मी काल स्वतः शिडी लावून उतरवला. पोत्यात बांधून पडवीत ठेवलाय. लोकांनी विचारलं, तेव्हा खरं कारण सांगितलं.

नंदूला हे वाचून दाखव. सुटका गाऱ्हाण्यातच सांगितलेली आहे, त्याला वाचता येतं. डेपोतला साहेब पुरावा मागतो ना? मग हा पुरावा दोन पायांवर चालत जाऊ दे. साहेबासमोर उभा राहून म्हणू दे, मी केलं. शेठचं काम जाईल तर जाऊ दे. तोपर्यंत त्याने या घरची पायरी चढू नये. शेवंती माझ्याशी बोलत नाही, तरीही हेच लिहितो.

कुंडलिकरावांपुढे माझी मान खाली आहे, त्यांना एवढं सांग.

दादा


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

वाकोला
१८ जानेवारी १९८७

ती. दादास,

मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

वहिनीला आधी सांग, जेव म्हणावं. तुझा नंदू चौकशीला गेला होता.

मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडंच होतं. साहेबाने विचारलं, तू कोण? म्हणाला, यांच्या घरामागे वर्षभर लाऊडस्पीकर मी वाजवलाय, यांना झोप मी दिली नाही. साहेबाला खरंच वाटेना. म्हणाला, गाणीच ना, झोप न येण्याइतका कसला आवाज असतो? तेव्हा नंदूने खिशात हात घातला आणि कापसाचे दोन बोळे काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, साहेब, वाजवणारा मी, पण हे घातल्याशिवाय मला तिथे उभं राहवत नाही. यांच्याकडे तर नुसती उशी होती.

साहेबाने ते बोळे उचलून फायलीवर ठेवले आणि पेन उघडलं. त्याने सगळं लिहून घेतलं. यांना ताकीद देऊन कामावर घेतलंय, दारूचा आरोप खोडला. बाहेर आल्यावर यांनी आपल्या पैशाने नंदूला चहा पाजला. मला ते इतकं लागलं की मी रस्त्यात रडले. घरी आल्यावर नंदू माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवरच आडवा झाला तो दिवेलागणीपर्यंत उठला नाही. मी त्याच्या अंगावरून ओलांडून भात केला.

पण दादा, गोष्ट इथे संपली असं समजू नकोस. शेठने नंदूचं काम काढून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कोणाचा सेट आला. हा तर जास्तच मोठा. उद्या यांची पहिली बस आहे आणि आत्ता, हे लिहितानाच, माझी भांडी वाजायला लागलीत.

म्हणून आम्ही ठरवलंय. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाहुण्यांच्या गाड्या यायच्या वेळेला सगळी चाळ त्या गेटवर उभी राहणार. शकु, प्रेमा, सगळ्या बायका. नंदूही येतोय, व्हय म्हाराजा सर्वांत मोठ्याने आपण म्हणणार म्हणतो. गाऱ्हाणं मी घालणार आहे. बाईमाणसाने घालायची पद्धत नाही, ठाऊक आहे. पण झोप बाईमाणसाचीही जाते. तर गाऱ्हाण्याचे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट लिहून उलट टपाली पाठव. कडक असू देत.

नंदू विचारत होता, गावाहून भोंगा मागवू का म्हणून. मी नको म्हटलं. पलीकडच्या वाडीतली गुरं मी नुसत्या हाकेने आणत होते, हे तर गेटच्या आतलेच आहेत.

आशीर्वाद दे, आणि या वेळी हसू नकोस.

तुझी,
मालन