होडीचं चित्र आणि घरची सात मतं

धरणाचा अलीकडचा काठ, तालुका मुळशी
फाल्गुन शुद्ध पंचमी, सन १९५७

रा. रा. भिवाजीराव दाजी यांस,

अलीकडच्या काठावरून बहिरूचा वाकून रामराम. इकडं आम्ही सगळी खुशाल आहोत, म्हणजे तात्यांचा दमा, आईचा गुडघा आणि धाकट्या बैलाची मारकी खोड एवढं सोडून. तिकडं तुमची तब्येत कशी आहे, सुंदरा बाळंतिणीचं खाणं नीट खाते का, बाळाचं बाळसं कसं आहे, सगळं सविस्तर कळवावं. (आई शेजारीच बसलीय. ती विचारते, पोराचे कान मोठे आहेत का? आमच्या घराण्यात कान मोठे असतात. नसतील तर तसं लिहू नका, तिला वाईट वाटेल.)

दाजी, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते झालं नाही, ही गोष्ट आईच्या मनातून काही जात नाही. तुम्हाला दोष नाही. दिवस भरत आलेल्या बाईला डोंगरातून सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालवायचं कसं? जुनी वाट होती तोवर बायका डोक्यावर पाटी घेऊन न्याहारीच्या वक्ताला निघायच्या आणि जेवायला तुमच्याकडं पोचायच्या म्हणे. ती वाट गेली पाण्याखाली. आता आमच्या अंगणातून तुमचं घर दिसतं, सांजच्याला तुमच्या चुलीचा धूरसुद्धा दिसतो, आणि तो बघत आई उभी राहते. गुडघ्यामुळं तिला डोंगर चढवत नाही. नातू अडीच महिन्यांचा झाला, बारसं झालं, आणि आजीनं त्याचं तोंड पाहिलेलं नाही. असो. मी हे पत्र लिहायला घेतलं ते वेगळ्याच आनंदाच्या बातमीसाठी.

बातमी अशी की परवाच्या इलेक्शनात मी गाव फिरवलं. काय सांगू दाजी, अजून अंगात वारं भरल्यासारखं होतंय. तुम्हाला ठाऊक आहे, माणूस म्हणून मी शांत. (सुंदरा हसली असेल तर तिला म्हणावं, बाळाकडं बघ.) पण पुण्याचे वकीलसाहेब प्रचाराला आमच्या गावात आले, आमच्या ओट्यावर बसले, गुळाचा चहा बशीत ओतून प्याले आणि मला सगळ्यांदेखत 'बहिरूपंत' म्हणाले. मला पंत! आजवर मला कुणी धड बहिरूसुद्धा म्हटलेलं नाही, अर्धं गाव बहिऱ्याच म्हणतं. त्यांनी माझ्या कोपरीला एक बिल्ला लावला, हातात पत्रकांचा गठ्ठा दिला, बोलायला एक पत्र्याचा भोंगा दिला आणि म्हणाले, पश्चिम भागाचे प्रचारप्रमुख तुम्हीच. अंगावर मूठभर मांस चढलं दाजी. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, साहेब, गावची साठ मतं तुमची, आणि त्यातली सात तर माझ्या घरातली, ती मोजूनच ठेवा.

आता घरातली सात म्हणजे कोण? मी, माझ्या घरातून म्हणजे सुंदराची वहिनी, आई, चुलते तात्या, त्यांच्या घरातून गोजराकाकू, आणि आमचा चुलतभाऊ नथू आणि त्याची बायको. यातलं माझं मत सोडून बाकी सहाही तात्यांच्या शब्दातली, आणि तात्या तराजूच्या निशाणीवाले. (तुम्हीही तराजूवालेच, ते मी जाणून आहे. पण तुमचं मत देऊन झालेलं आहे, तेव्हा तुमच्याशी वाद घालत नाही.) तात्यांना विचारलं की तराजू कशासाठी, तर कारण ऐका. तराजूवर उभे राहिलेल्या दादासाहेबांचे चुलते तात्यांच्या लग्नात पंगतीला होते आणि त्यांनी बुंदी तीनदा मागून घेतली होती. जो माणूस आपल्या पंगतीत तीनदा मागून जेवला तो आपला पाहुणा, आणि पाहुण्याच्या पुतण्याला सोडून पुण्याच्या वकिलाला मत देणं हा तात्यांच्या मते निव्वळ चावटपणा. मी त्यांना गोव्याचा लढा समजावला, साखरेचा भाव समजावला, वकीलसाहेबांनी भाषणात सांगितलेलं सगळं भोंग्यातून पुन्हा सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, भोंगा खाली ठेव, त्या आवाजानं म्हैस दूध चोरतीय.

घरातून तर टोमणाच आला. जेवताना वाढता वाढता इतकंच ऐकू आलं की पंत झालेल्या माणसाला सरपण फोडायला वेळ कसला. मग मी आईकडं वळलो. आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढं पत्रक धरलं, वकीलसाहेब किती शिकलेत, कोर्टात कसे बोलतात ते सांगितलं. तिनं मान वर केली नाही. खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "तुजा वकील मला सुंदराकडं न्हेतोय का, तेवढं सांग."

दाजी, मी खोटं बोलणारा माणूस नाही. पण त्या वेळी पत्रक माझ्या हातात होतं आणि पत्रकावर वकीलसाहेबांच्या नावाखाली त्यांची निशाणी होती, होडी. चांगली शिडाची, लाटांवर चाललेली. मी म्हणालो, नेतो की, हे बघ, चित्रच काढलंय. (वकीलसाहेब होडीबद्दल चकार शब्द बोलले नव्हते, हे मी तुम्हाला खाजगीत सांगतो. पण दुसऱ्या कुणाची नाही आणि ह्यांचीच निशाणी होडी, याला काहीतरी अर्थ असेलच ना?) आईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. पत्रक हातात घेतलं, पदरानं पुसलं, बराच वेळ बघितलं, आणि देवळीत गणपतीशेजारी नेऊन ठेवलं. त्या क्षणापासून प्रचारप्रमुख मी नव्हतो. बिल्ला तेवढा माझ्याकडं राहिला.

आई सकाळी भाकरी उरकून जी बाहेर पडायची ती दुपारी यायची. गावातल्या निम्म्या सुना तुमच्याच काठाच्या, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. कुणाचं माहेर तुमच्या शेजारच्या वाडीचं, कुणाचं त्याच्या वरचं, कुणाची आई आजारी, कुणाच्या भावाचं लग्न होऊन पोरं झाली तरी वहिनीचं तोंड बघितलेलं नाही. भोंगा नाही, भाषण नाही, पत्रक पदराखाली. पाणवठ्यावर, जात्यापाशी, वाळवणापाशी, जिथं म्हणून दोन बायका तिथं आई तिसरी. राजाबाईनं (ती आमच्या पलीकडच्या घरातली, स्वभावानं संशयी) विचारलं की होडी रोज जाणार की बाजाराच्या दिवशीच. आईनं सांगितलं, रोज, आणि लेकुरवाळीला पुढं बसायला मिळणार. हे मी सांगितलेलं नव्हतं बरं का. पण मी खोडूनही काढलं नाही. साठ मतं डोळ्यांपुढं दिसत असताना कोण खोडून काढतो?

राहिले तात्या. त्यांच्याशी आई बोललीच नाही. तिनं गोजराकाकूला धरलं. काकू तुमच्या काठाच्या, लग्न होऊन आल्या त्याला तीस वर्षं झाली आणि माहेरी गेल्या असतील चारदा. त्या दिवसापासून तात्यांच्या ताटात आमटी अळणी, भाजी अळणी, भाकरीसुद्धा अळणी. आमच्या वाटीत मीठ बरोबर, तात्यांच्याच वाटीत नाही. हे कसब बायकांना कुठून येतं देव जाणे. तात्यांनी एक दिवस काढला, दोन काढले. तिसऱ्या दिवशी सांजच्याला हात ताटावर तसाच ठेवून काकूंकडं बघितलं आणि म्हणाले, "मीठ घाल बाई. देतो व्हडीला मत." मी ओट्यावरून उडीच मारली दाजी. बुंदीवर मिठानं मात केली.

मतदानाचा सोमवार म्हणजे तर काय वर्णावं. शाळेत पडदा बांधलेला, पडद्यामागं पेट्या मांडलेल्या, पेट्यांवर ज्याची त्याची निशाणी चिकटवलेली. पुण्याहून आलेला साहेब चष्मा पुसत बसलेला. आमच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून, नाकात नथी घालून, तबक घेऊन वाजत गाजत आल्या. (वाजवत मीच होतो, भोंग्यावर चमच्यानं.) एकेक बाई बोटाला शाई लावून घ्यायची, कागद घ्यायची आणि पडद्यामागं जायची. होडीच्या पेटीला त्यांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, कुणी फुलं ठेवली. साहेब घाबरून उठला आणि असं करायचं नसतं म्हणून सांगायला गेला, तर काकूंनी त्याच्याच कपाळाला कुंकू लावलं. मग तो दिवसभर तसाच बसला होता. आमच्या सतरा बायका आत गेल्या आणि सतराच्या सतरा हसत बाहेर आल्या. मी दाराबाहेर खडूनं भिंतीवर रेघा मारत होतो. तात्याही आत जाऊन मिशी पुसत बाहेर आले. सातच्या सात दाजी! ज्या घरात माझ्या शब्दाला म्हैस मान हलवीत नाही, त्या घरातली सातच्या सात माणसं मी मतदानाला उभी केली. हे तुम्ही सुंदराला वाचून दाखवाच. लहानपणी ती मला म्हणायची, दादा, तुझं कोण ऐकतंय.

बाकी इकडचं सगळं ठीक. हे पत्र म्हसू धनगराच्या हाती देतोय, तो शेरडं घेऊन डोंगरावरून तुमच्याच अंगाला निघालाय. त्याला भाकरी घालावी, आणि तो सांगेल त्यातलं निम्मं खरं मानावं. सुंदराला आशीर्वाद, बाळाला पापा.

आपला मेव्हणा,
बहिरू
प्रचारप्रमुख, पश्चिम भाग

ता. क. एक बारीकशी गोष्ट वर लिहायची राहून गेली. वकीलसाहेब पडले. तुमचे दादासाहेब निवडून आले, त्याबद्दल तुमचं अभिनंदन.

ता. क. दुसरा. वकीलसाहेबांचं कार्ड आलंय. त्यात पंत वगैरे काही नाही. लिहितात की तुमच्या गावच्या पेटीत आमची मतं निघाली नऊ, आणि पुष्कळ अक्षता निघाल्या, तर साठ मतं कुठं गेली ते कळवावं. मी चौकशी केली. तात्या म्हणाले, मी तराजूलाच टाकलं, तोवर जेवणात मीठ पडलं होतं. पण ते एकच झालं. बाकीच्यांचं म्हणाल तर दाजी, आता तुमच्यापाशी काय लपवायचं. मतदानाच्या आदल्या दिवशी आईनं मला विचारलं होतं की ह्यो कागद कशाला देत्यात. मी भरात होतो. मी म्हणालो, हा कागद म्हणजे होडीचं तिकीटच समज. आई जन्मात एकदा यष्टीत बसलीय. त्या वेळी कंडक्टरनं तिला बजावलं होतं, तिकीट उतरेपर्यंत हातातून सोडायचं नाही. तिनं ते सगळ्या बायकांना बजावलं. बायकांनी पेटीची पूजा केली, नमस्कार केला आणि सतराच्या सतरा कागद कनवटीला लावून घरी आणले. आमच्या घरातली चार त्यातच. गावातल्या गाडग्यामडक्यांत, उतरंडीत, देवाच्या पाटाखाली वकीलसाहेबांची मतं अजून सुखरूप आहेत. हा गुन्हा आहे असं मास्तर म्हणतात. हा परिच्छेद वाचून झाल्यावर फाडून टाका.

ता. क. तिसरा, आणि हा मनावर घ्या. मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून आई रोज सकाळी पाण्याच्या कडेला जाऊन बसते. आज नववा दिवस. (वर ती माझ्याशेजारी बसलीय असं लिहिलं, ते खोटं. कानांचं तिनं जाताना विचारलं होतं.) बरोबर बोचकं असतं, त्यात बाळाची दोन टोपडी, कुंची, आणि सुंदरासाठी डिंकाचे लाडू. ऊन चढलं की पदर डोक्यावर ओढते, पण उठत नाही. सांज झाली की बोचकं घेऊन परत येते. काल मी धीर करून तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं सांगून टाकावं, वकील पडला, होडीबिडी काही नाही, मीच मूर्ख. तोंड उघडणार तेवढ्यात तीच माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, "सरकारचं काम हाय बहिरू, उशीर व्हतोय. पर कागद दिलाय त्येंनी. येत्याल." दाजी, मी तिच्या बोचक्याची गाठ तेवढी घट्ट बांधून दिली.

आमच्या काठाला होडी नाही. तुमच्याकडं गेणबाची मासे धरायची डोण आहे. तिच्यात बसायला आई मागं नाही म्हणाली होती, गळ्यात माळ आहे आणि मासळीचा वास तिला सोसत नाही, ते मला आठवतंय. म्हणून डोण राखेनं घासून घ्या, आत पेंढा टाका, वर घोंगडी अंथरा. म्हसूजवळ होडीच्या चित्राचं एक पत्रक दिलंय, ते पुढच्या टोकाला खळीनं चिकटवा. तुम्ही तराजूवाले, तुमच्या जिवावर येईल, पण चिकटवा. गेणबाच्या डोक्याला एखादी खाकी टोपी असली तर बरं. इतर सोळा बायकांचं काय करायचं ते मी बघतो, चार खेपा जास्त कराव्या लागतील असं गेणबाला आत्ताच सांगू नका. पहिल्या खेपेला डोणीबरोबर तुम्ही स्वतः या आणि तेवढी आई न्या.

आणि डोण काठाला लागल्या लागल्या तिला हात देऊन आत घेऊ नका. आधी तिच्या हातातला कागद मागा, नीट उलटापालटा बघा, आणि खिशात ठेवा. तो घेतल्याशिवाय ती होडीत पाय ठेवायची नाही.